नऊ जागी मोजलेला उजेड

८ सप्टेंबर, सोमवार

वही जुनीच आहे. पुढच्या पानांवर कोणत्या प्रोजेक्टरचा दिवा किती तास जळला याच्या नोंदी आहेत, त्या तशाच राहू दिल्या. मागची पानं कोरी होती. लिहायला बसलो कारण मनात ठेवलं की हात चुकतो. आज दुपारी एक स्क्रू दोनदा उलट्या आट्यात फिरवला. माझ्या हातून असं होत नाही.

गोष्ट अशी. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेचा सचिव श्रीधर आज महाल भागातल्या माझ्या प्रोजेक्टर दुरुस्तीच्या दुकानात आला. पाच मिनिटं नुसता खुर्चीवर बसला, इकडचं तिकडचं पाहिलं, मग बोलला.

"प्रेमानंदभाऊ, राग नका मानू. पोरं म्हणून राहिली का पडद्यावरचं बरोबर दिसत नाही. खिडक्या बंद केल्या तर उकडते, उघडल्या तर अक्षर जाते."

"दिवा बदलवून देतो न. नव्यावानी होते."

"ते खरं. पण आता लेझरचा जमाना आहे म्हणते. एक कंपनी येऊन राहिली रविवारी दाखवाले. तुमीही तुमची मशीन आणून तिच्या बाजूले लावा. ज्याचा उजेड जास्त, ते घेऊ. अन् ज्याची मशीन, त्याचाच माणूस चालवन. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट! अभ्यासिकेतला प्रोजेक्टर गेली चौदा वर्षं मी चालवतो. स्पर्धा परीक्षेची पोरं संध्याकाळी येतात, नकाशे, गणितं, भाषणं पडद्यावर लावून द्यायची. पगार नाही, मी मागितलाही नाही. पोरं मला "प्रोजेक्टरवाले सर" म्हणतात. दहावी नापास माणसाला सर म्हणणारी तेवढी एकच जागा आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

ती "कंपनी" म्हणजे माझी मुलगी निघाली.

भूमिका एप्रिलपासून धरमपेठेतल्या एका कंपनीत आहे. ऑफिसात, शाळांत जाऊन लेझर प्रोजेक्टर लावून दाखवणं हे तिचं काम. सहा महिने तात्पुरती आहे, तीस तारखेला कायम करतात की घरी पाठवतात ते ठरेल. आज जेवताना खाली मान घालून म्हणाली, "बाबा, रविवारी अभ्यासिकेत मीच येऊन राहिली. मॅडमनं यादी देल्ली, त्यात नाव होतं. मले नाही म्हणता नाही आलं."

"तुझ्या मॅडमले सांगितलं का, समोरचा तुझा बाप आहे?"

"नाही."

"चांगलं केलं. कामात नातं आणू नये."

तिची आई, प्रेमिला, पोळी लाटता लाटता थांबली. "बापलेकीची कुस्ती लावून राहिले का विहारात? दुसरं कोणी नाही का वं तुझ्या कंपनीत?"

मी म्हटलं, कुस्ती कशाची, उजेड मोजायचा आहे. मीटर कोणाचा बाप पाहत नाही आणि कोणाची लेक पाहत नाही.

म्हणालो खरा. पण पोळी अर्धीच खाल्ली.

१३ सप्टेंबर, शनिवार

तयारी झाली. माझी मशीन तीन बंद पडलेल्या मशीनचे भाग घेऊन मी स्वतः उभी केलेली आहे. एका सरकारी ऑफिसच्या लिलावातून दोन, एका मंगल कार्यालयातून एक. नवा दिवा टाकला. आतली काच, आरसा, फिल्टर सगळं कापसानं पुसलं.

उजेड कसा मोजतात हे लोकांना माहीत नसतं. पडद्याच्या मधोमध मीटर धरतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. ते चूक आहे. मध्ये उजेड नेहमी जास्त असतो, कोपऱ्यात कमी. पडद्याचे सारखे नऊ भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर मोजायचं, सरासरी काढायची आणि पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणायचं. तेव्हा जे येतं ते लुमेन. ही रीत मी एका फाटक्या इंग्रजी पुस्तिकेतून शब्दकोश घेऊन शिकलो, तेव्हा भूमिका तिसरीत होती. नऊ जागा दिसाव्यात म्हणून मी प्रेमिलाच्या टिकल्या लावतो. सगळ्यात बारीक, काळ्या.

माझी मशीन नवी असती तर ३८०० लुमेन. दुकानाचं शटर ओढून मोजली, ३०१७ आली. तिच्या मशीनच्या कागदावर ४००० लिहिलेले आहेत. दिव्याचा उजेड महिन्या-महिन्यानं मंदावत जातो, लेझरचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. हे सगळं मला माहीत आहे. शाळेच्या मुलालाही कळेल की ४००० मोठे.

दुपारी दोन वेळा पुन्हा मोजलं. ३०१७, ३०१२. मशीन खोटं बोलत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मी जिंकलो.

हे वाक्य लिहून दहा मिनिटं झाली, पुढचं सुचत नाही. क्रमानं लिहितो.

सकाळी अकरा. खिडक्या उघड्या. चाळीसेक पोरं-पोरी, श्रीधर, समितीचे लोक, आणि पहिल्या रांगेत प्रयागबाई. विहारात काहीही असो, ही म्हातारी पहिल्या रांगेत असतेच. "सिनेमा आहे का गा?" म्हणाली. मी म्हटलं, परीक्षा आहे, आजी, माझी.

आधी माझी मशीन. नद्यांचा नकाशा आणि बारीक आकड्यांचं एक कोष्टक लावलं. मागच्या रांगेतल्या पोरीनं शेवटची ओळ वाचली, बरोबर.

मग भूमिका. कंपनीचा निळा शर्ट घालून आली होती. वायर काढली ती कोपराभोवती गोल गुंडाळलेली, गाठ नाही, पीळ नाही. मीच शिकवलेली पद्धत. मशीन सुरू केली तेव्हा पडद्यावर एकदम असा झगझगाट झाला की प्रयागबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. "अगं माय! डोळे दिपवतं का वं पोरी?" पोरं हसली. भूमिका माझ्याकडे पाहत होती. मी मीटरचं झाकण काढत होतो आणि ते काही केल्या निघत नव्हतं, हात जरा ओले होते. ती म्हणाली, "थांबा, कोपरे सरळ करून राहिली." रिमोट घेऊन अर्धा मिनिट काहीतरी केलं. त्यानंतर उजेड बसला. पंख्याचा आवाजही बसला, इतका हळू की मला तो आवडला.

कोपरे आधीच सरळ होते, मी पाहिलं होतं. तिला सांगणार होतो, पण सगळ्यांसमोर नको म्हणून गप्प राहिलो. सुरुवातीचा तो झगझगाट कशामुळे ते शोधायला हवं. लेझर तापून स्थिर व्हायला वेळ घेत असेल.

मागच्या रांगेतल्या पोरीनं भूमिकाच्या मशीनवर तीनच्या जागी आठ वाचला. नंतर मी नऊ टिकल्यांवर मीटर धरला. सरासरी ६५५, पडदा ३.६ चौरस मीटर. २३५८ लुमेन. माझे तीन हजार.

श्रीधरनं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी "प्रोजेक्टरवाले सर" म्हणून ओरडलं. सगळं मिळून पन्नास मिनिटांत उरकलं.

भूमिका सामान आवरत होती. वाईट वाटून घेऊ नको म्हणालो. हसली. "नाही बाबा. एक डेमो गेला तर नोकरी नाही जात." हरल्यावर इतकं मोकळं हसणारी मुलगी माझी आहे याचा अभिमान वाटला.

१५ सप्टेंबर, सोमवार

चार हजार लिहायचे आणि २३५८ द्यायचे! ही फसवणूक आहे. शंभरातले एकेचाळीस भाग गायब.

आणि ही मशीन घेऊन माझी मुलगी गावभर फिरते आहे. उद्या कोणी मोजणारा भेटला तर कंपनीचं काय जाणार? नाव खराब होईल ते तिचं. तिला विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये दोष आहे, ठाऊक आहे का?" तर म्हणाली, "जाऊ द्या न बाबा, तुमी जिंकले न."

हीच या पोरांची वृत्ती. जाऊ द्या. जाऊ देऊन मी इथवर आलो असतो का?

दिवसभर धंद्यात लक्ष नव्हतं. शेवटी लेटरहेड काढलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

पत्र स्वतः धरमपेठेत नेऊन दिलं. तीन पानं. नऊ जागांचे आकडे, पडद्याची लांबी-रुंदी, वेळ, खिडक्या किती उघड्या होत्या, मशीनच्या पाठीवरचा क्रमांक, सगळं. शेवटी लिहिलं: "आपल्याकडे काम करणारी कु. भूमिका ही माझी कन्या असून तिच्या हातून सदोष यंत्र दाखवले जाऊ नये, ही बाप या नात्यानेही विनंती." सही, शिक्का.

भूमिका बाहेर कामठीला गेली होती. तिच्या वरच्या मिनल मॅडमनं पत्र उभ्यानंच वाचलं. शेवटच्या पानावर आल्या तेव्हा खाली बसल्या.

"भूमिका तुमची मुलगी आहे?"

"हो."

"आणि त्या दिवशी जी मशीन निवडली गेली, ती तुमची?"

"माझी. हातानं उभी केलेली."

"बरं झालं काका, तुम्ही आलात," म्हणाल्या. चहा मागवला. चहा चांगला होता. पण "बरं झालं" हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या ते परतताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत कानात राहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल भूमिका घरी आली ती थेट आतल्या खोलीत गेली. प्रेमिला तिच्यामागे. दार लावलेलं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

आज सकाळी प्रेमिलानं चहा समोर ठेवला तो कपातून बशीत सांडला, आणि तिनं पुसला नाही.

"झालं का तुमचं मोजणं?"

"काय झालं ते तर सांगशील?"

"पोरीले घरी बसवलं. चौकशी होऊन राहिली तिची. कागद तुमीच देऊन आले न?"

मी म्हटलं, चौकशी मशीनची व्हायला पाहिजे, तिची काहून?

तेव्हा प्रेमिलानं सांगितलं. लेझर मशीनमध्ये दोन रीती असतात. एक पूर्ण उजेडाची, एक इको, म्हणजे वीज वाचवायची, त्यात उजेड अर्ध्याच्या जरा वर येतो. मशीन आपल्या पोटात प्रत्येक रीतीचे तास लिहून ठेवते. कंपनीनं उघडून पाहिलं. पूर्ण उजेड: २१२ तास. इको: १ तास.

एक तास. तिची मशीन आमच्याकडे चालली जेमतेम अर्धा तास. मशीन पूर्ण तासावर ओढून लिहिते.

म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हताच. कोणी तरी आमच्या अभ्यासिकेतच ती इकोवर टाकली होती. आणि माझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदामुळे मॅडमना कळलं की हरलेली मुलगी आणि जिंकलेला माणूस एकाच घरात राहतात. त्या म्हणतात, मुलीनं बापासाठी मुद्दाम केलं. मुद्दाम केलं असेल तर कामावरून काढतील, आणि का काढलं ते दुसऱ्या कंपन्यांनाही कळेल.

माझी भूमिका आणि बनवाबनवी! तिनं लहानपणी एक रुपयाची गोळी उधार घेतली नाही. मी प्रेमिलाला हेच म्हटलं. तिनं कपबशी उचलली. मग म्हणाली, "तुमाले खरंच काही समजत नाही का वं माय," आणि आत गेली.

२० सप्टेंबर, शनिवार

विचार करून कोडं सुटलं. तो कोपरे सरळ करायचा अर्धा मिनिट! मेनूत कोपऱ्यांची ओळ आणि उजेडाची ओळ जवळजवळ असणार. घाईत, बापासमोर उभं राहून, हात घाबरला आणि चुकीची ओळ दाबली गेली. माझ्या हातातलं मीटरचं झाकण निघत नव्हतं, मग तिचं काय? चूक आहे. बदमाशी नाही.

पण चूक आहे हे कोण मानणार? आणि चूक मानली तरी दाखवणाऱ्याला मेनू येत नाही म्हणून तीस तारखेला घरीच बसवतील. दोन्हीकडून नोकरी तिचीच जाते.

दुपारी भूमिका माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, "बाबा, मी..." आणि थांबली. मी म्हटलं, "काही सांगू नको. मले समजलं आहे." तिचा चेहरा उतरला की खुलला ते कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं एवढं खरं.

मी ते पत्र लिहिलं नसतं तर! नऊ जागा, दशांश चिन्हापर्यंत. इतकं नेमकं कोणी मागितलं होतं?

२२ सप्टेंबर, सोमवार

धरमपेठेत जाऊन आलो. घरी सांगितलं नाही.

मिनल मॅडमसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "मशीन मी इकोवर टाकली होती. ती पाणी प्याले गेली, रिमोट टेबलावर होता. मले जिंकायचं होतं."

"काका, बसा."

"बसत नाही."

"तुम्ही टाकली, मग तुम्हीच मोजून आम्हाला तीन पानी पत्र कशाला लिहिलं?"

हा प्रश्न येणार हे रस्ताभर मला ठाऊक होतं. उभ्या उभ्या जे तोंडात आलं ते बोललो. "जिंकून भागलं नाही. लोकांनी कागदावर पाहिलं पाहिजे असं वाटलं. तसा स्वभाव आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "हे लिहून द्यावं लागेल. आणि तुमच्या समितीलाही कळवावं लागेल, निवड त्यावर झाली आहे. तुम्हाला कळतंय ना, लोक काय म्हणतील?"

"कळवा."

कोरा कागद दिला. पहिल्यात खाडाखोड झाली म्हणून दोन वेळा लिहावं लागलं. "प्रतिस्पर्धी यंत्राचा उजेड मी स्वतः, कोणासही न सांगता कमी केला." आयुष्यात इतका चुकीचा आकडा मी कुठं लिहिला नाही.

दारापर्यंत मॅडम आल्या. म्हणाल्या, "माझे वडीलही असेच होते." कसे, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माझा स्वभाव पटला असावा.

२४ सप्टेंबर, बुधवार

श्रीधर दुकानात आला. आज खुर्चीवर बसला नाही.

"तुमाले देवमाणूस समजत होतो, भाऊ. लेकीच्याच मशीनले हात लावला? पोरं विचारून राहिली, काय सांगू?"

"जे कागदात आहे ते सांग."

"रविवारी कंपनी पुन्हा दाखवन. तुमी मशीनजवळ येऊ नका. मागं बसाचं असन तर बसा." किल्ली मागितली. अभ्यासिकेच्या कपाटाची, चौदा वर्षं माझ्या कमरेला होती. काढताना जुडग्यातून निघेना, त्यानंच काढून घेतली.

भूमिका कामावर परत गेली. हे आधी लिहायला पाहिजे होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

मागच्या रांगेत बसलो. मागून खोली पहिल्यांदा पाहिली. दोन पोरं मला पाहून कुजबुजली, एकानं जागा बदलली. प्रयागबाई तेवढी वळून म्हणाली, "काहून गा, मागं काहून बसला? डोळे गेले का तुये?" मी म्हटलं, इथूनही दिसते, आजी.

भूमिकानं मशीन लावली. पूर्ण उजेड. खिडक्या उघड्या, ऊन पडद्याच्या पायथ्याशी आलेलं, तरी नकाशातली वैनगंगा मागून स्वच्छ दिसत होती, तिला मिळणारे बारीक नालेसुद्धा. दिव्याच्या मशीनवर ते नाले मला कधी दिसले नव्हते. मला वाटायचं छापताना राहिले असतील.

कंपनीतून आलेल्या माणसानं मीटर काढला आणि पडद्याच्या बरोब्बर मध्ये धरला. एकाच जागी! "अकराशे नव्वद. म्हणजे बेचाळीसशे चौऱ्याऐंशी लुमेन, कागदापेक्षा जास्तच!" टाळ्या.

माझ्या जिवाची काय दशा झाली ते कोणाला सांगू? कोपरे मोजलेच नाहीत. वरचा डावा कोपरा नुसत्या डोळ्यांनी कमी दिसत होता. माझ्या अंदाजानं खरा आकडा अडतीसशे ते एकोणचाळीसशे. जिभेवर आला होता. खुर्चीचा दांडा धरून बसलो. ज्यानं उजेड चोरला त्यानं माप शिकवायचं?

भूमिका टाळ्या वाजत असताना मागे, माझ्याकडेच पाहत होती. तिलाही माहीत होतं नऊ जागा मोजायला पाहिजेत. मी मान हलवली, राहू दे.

समितीनं लेझर घेतला. चालवायचं पोरांमधल्याच एकाला शिकवतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

भूमिका कायम झाली. पत्र आणलं. मी ते तीनदा वाचलं, नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही, तारीख बरोबर.

प्रेमिलानं शिरा केला होता. भूमिका ताटावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मॅडमनं आज तुमचा कागद दाखवला मले. तुमी रिमोटले हातच नव्हता लावला."

"नव्हता लावला."

"मग काहून लिहून देल्लं?"

"तुये हातून चुकून झालं ते. चुकीपायी कोणाची नोकरी जाऊ नये. माझं काय, माझं दुकान आहे."

"चुकून..." ती म्हणाली. पुढं काही बोलणार होती. ओठ हलत होते. प्रेमिलानं मधेच तिच्या ताटात शिरा वाढला, जरा जास्तच. "जेव वं. थंडा होऊन राहिला."

"हो बाबा," भूमिका म्हणाली. "चुकूनच झालं." आणि तिला रडू फुटलं. प्रेमिलालाही. दोघींना एकदम. बायकांचं असं असतं, काम पार पडलं की मग रडतात.

मी रागावलो नाही. चूक कोणाचीही होते. पण ती पुन्हा होऊ नये म्हणून काही करायला पाहिजे. उद्या सकाळी तिला जवळ बसवून मेनूच्या ओळी क्रमानं समजावून सांगेन. कोपऱ्यांची कोणती, उजेडाची कोणती. आधी वाचायचं, मग दाबायचं. समोर बाप असो की कोणी असो, घाई करायची नाही.